शेडमधला वास किलोला किती पडतो?

फायबरच्या होडीच्या शेडमध्ये शिरताच नाकात झोंबतं ते स्टायरिन. रेझीन पातळ राहावं म्हणून ते त्यात असतंच. बहुतेक साच्यात आळतं, बाकीचं उडून जातं, आणि उडालेल्याचेही पैसे आपण रेझीनच्याच भावाने मोजलेले असतात.

किती उडतं ते मोजायला अमेरिकेची पट्टी सोयीची. तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २००१ मध्ये होड्यांच्या कारखान्यांसाठी नियम केला. वर्षाला एकच घातक रसायन १० टन किंवा सगळी मिळून २५ टन सोडू शकणाऱ्या मोठ्यांनाच तो लागू आहे. पण हिशेब छोट्यालाही कामाचा. ३५ टक्के स्टायरिनचं रेझीन गनने फवारलं, तर त्या नियमातल्या सूत्राने टनामागे सुमारे ७८ किलो उडतं. तेच रोलरने किंवा तुषार न करणाऱ्या फ्लो-कोटरने लावलं तर ४६. वाचले ३२ किलो. भाव २०० रुपये धरू (तुम्ही तुमच्या बिलावरचा घाला): टनाला ६,४०० रुपये, वर्षाला दहा टन लागत असेल तर ६४,०००. नव्या गनचं कोटेशन या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आधीपासून रोलरवरच काम असेल, तर जेलकोटकडे वळा. खरी गळती तिथे आहे. ४० टक्क्यांच्या जेलकोटमधून टनाला २१४ किलोच्या आसपास जातं, ३३ टक्क्यांच्यातून १६०च्या आत. ४८ टक्क्यांचा पारदर्शक जेलकोट तर २९१ किलो उडवतो. चमक हवी तेवढ्याच जागी मारा. कमी स्टायरिनचा माल मात्र दाट असतो. आधी एक डबा आणून गनमधून कसा बसतो ते पाहा, मग पिंप मागवा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे झाकण. २०८ लिटर किंवा त्याहून मोठ्या मिश्रणाच्या भांड्याला ते अमेरिकेच्या त्या नियमात सक्तीचं आहे.

एक्झॉस्ट पंखा कामगारांसाठी हवाच, पण तो वास शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो, कमी करत नाही. वाफ जाळणारी यंत्रणा छोट्या शेडने घेऊ नये असं माझं मत: हवा प्रचंड, स्टायरिन विरळ, इंधनाचं बिल कायमचं. व्हॅक्यूमच्या बंद साच्यात प्लास्टिक आणि नळ्या दर होडीला फेकाव्या लागतात. एकाच मापाच्या होड्या काढणाऱ्यालाच ते परवडेल.

महाराष्ट्रात शेड उभारण्याआधी एक आणि काम सुरू करण्याआधी दुसरी, अशा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन संमती लागतात. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचा दाखला आधीच करून ठेवा.