बदली होत नाही, परीक्षा द्यावी लागते : परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या मुलांची तयारी



आजचा लेख दहावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकातला नाही, तरी आपल्या कामाचा आहे. सुप्यासारख्या गावातली मुलंही आता 'बाहेर' एमबीबीएसला जातात. जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, आणि 2022 पर्यंत युक्रेन. जाताना पेढे वाटले जातात, स्टेटसला फोटो लागतात. सहा वर्षांनी ती परत येतात तेव्हा मात्र घरात एक नवाच शब्द येतो, एफएमजीई. म्हणजे फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन. सगळे तिला स्क्रीनिंग म्हणतात.

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. पण माझा एक जुना विद्यार्थी या परीक्षेत दोनदा नापास होऊन गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आला आणि मला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला. त्याचं नाव सांगत नाही. तो 2018 ला युक्रेनला गेला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांतून जी हजारो मुलं परत आली, त्यांत तोही होता. चौथ्या वर्षाला होता तेव्हा.

त्या वेळी त्याचे वडील मला म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या शिक्षकांची कशी जिल्हा बदली होती, तशी याची तिकडून इकडं होत नाही का हो?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि तो एकट्या त्यांचा नव्हता. देशभरातल्या पालकांनी तोच विचारला, काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्र सरकारचं उत्तर नकाराचं होतं. परदेशी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला मधल्या वर्षात भारतीय कॉलेजात घेण्याची तरतूद ना 1956 च्या जुन्या कायद्यात होती, ना 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने एवढंच मान्य केलं की युक्रेनची मुलं उरलेलं शिक्षण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पूर्ण करू शकतील, पदवी मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच राहील. आमचा विद्यार्थी तसा जॉर्जियाला गेला आणि 2024 ला पदवी घेऊन आला. म्हणजे मधे बदली नाहीच. जे काही आहे ते शेवटी, चाळणी परीक्षेच्या रूपाने. ही चाळणी 2002 पासून आहे आणि ती ओलांडल्याशिवाय परदेशी पदवीवर इथे इंटर्नशिपही करता येत नाही, प्रॅक्टिस तर दूरच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण वडिलांनी पदवी हातात येताच 'डॉ.' लिहिलेली पाटी रंगवून आणली होती. ती लावू नका हे सांगताना मला फार जड गेलं.

बहुतेक सत्रांत चार-पाच जणांतून एखादाच पास होतो. हे वाचून मुलं ढ असतात असं समजू नका. ही मुलं 'नीट' पात्र होऊन गेलेली असतात. मग अडतं कुठे?

आधी पेपर पाहू. एकूण 300 प्रश्न, प्रत्येकी एक गुण. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येक भागात 150 प्रश्न आणि 150 मिनिटं. पास व्हायला 150 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि कितीही वेळा देता येते. ही शेवटची सोय मला थोडी घातकच वाटते. 'पुढच्या वेळी बघू' म्हणता म्हणता तीन वर्षं जातात.

मी त्याला विचारलं, "पहिल्या वेळी अभ्यास कुठून सुरू केलास?" म्हणाला, "ॲनाटॉमीपासून. पहिल्या वर्षाला तीच असते ना." दोन महिने ॲनाटॉमी. आता गुणांची विभागणी बघा. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी 17. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी 13. न्यायवैद्यक 10. हे झाले 100. उरलेले 200 दवाखान्यातल्या विषयांचे : मेडिसिन 33, सर्जरी 32, स्त्रीरोग व प्रसूती 30, सामुदायिक वैद्यक म्हणजे पीएसएम 30, बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी 15. मग मानसोपचार, त्वचा, भूल, हाडं, एक्स-रे, रेडिओथेरपी असे सहा छोटे विषय प्रत्येकी 5. तुमच्या सत्राच्या माहितीपत्रकात हे आकडे एकदा पडताळून घ्या, पण साधारण चित्र हेच. सात विषयांत 170 गुण बसलेत आणि आमचा गडी दोन महिने 17 गुणांत अडकला होता. पीएसएमच्या 30 गुणांना त्याने परीक्षेआधी चार दिवस दिले. "ते पाठांतराचंच आहे, शेवटी करू म्हटलं."

खरी गोम इथे आहे. पीएसएम हा विषय देशाप्रमाणे बदलतो. हृदयाचे झडपे तिबिलिसीतही चार आणि पारनेरमध्येही चार. पण भारताचं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, उपकेंद्र किती लोकसंख्येला, आशाताईचं काम काय, हे परदेशात कोण शिकवणार? तिथे त्या देशाची व्यवस्था शिकवतात. बाकीच्या विषयांतही थोडं असंच होतं. मलेरिया, डेंग्यू, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा हे रुग्ण थंड देशातल्या वॉर्डात दिसतच नाहीत. शिवाय वर्गात इंग्रजी असलं तरी खाटेवरचा रुग्ण रशियन नाहीतर जॉर्जियन बोलतो. मुलं मागे उभी राहून मान डोलावतात. हे त्यानेच मला सांगितलं, मी टीका म्हणून लिहीत नाही.

म्हणून मी त्याला एक सल्ला दिला जो कुठल्या क्लासने दिला नव्हता. लसीकरण सत्राच्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बस. हात लावू नकोस, काही लिहून देऊ नकोस, फक्त परवानगी घेऊन बघ. पहिल्या दिवशी तो परत आला तो जरा ओशाळून. सिस्टरनी सहज विचारलं होतं, "जन्मताना बीसीजी राहून गेली, बाळ आता आठ महिन्यांचं आहे, द्यायची का?" त्याला 'जन्मताना बीसीजी' एवढं पाठ होतं. पुढचं माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "वर्षाच्या आत देतो आम्ही." परीक्षेत नेमकं असंच विचारतात. वेळापत्रक नव्हे, वेळापत्रक चुकलं तर काय. हिपॅटायटिस बी चा जन्माचा डोस 24 तासांत, पोलिओचा शून्य डोस पहिल्या 15 दिवसांत, पहिला गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर. भिंतीवरच्या तक्त्यावर हे सगळं मराठीत लिहिलेलं असतं. आपण त्याच्यासमोरून रोज जातो.

मग आम्हाला नादच लागला. सपाट भागात उपकेंद्र 5,000 लोकसंख्येला, प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ला, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 आणि 20,000. आपलं उपकेंद्र कुठलं, केंद्र कुठलं हे त्याने गावांची नावं लिहून काढलं आणि आकडे आपोआप डोक्यात बसले. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सकाळी पापण्या मिटायला लागतात. घोणस चावली की सूज आणि रक्त न गोठणं. हे शेतावर राहणाऱ्या आजीला निम्मं माहीत होतं. फवारणीनंतर लाळ, घाम, बाहुल्या बारीक, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि उपाय ॲट्रोपिन. एमआयडीसी आणि पुणे-नगर हायवे जवळ असल्याने डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या गोष्टी तर घरोघरी आहेत, त्यावरून ग्लासगो स्केल पक्कं झालं.

थोडं विषयांतर करते. आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांच्याच हाती गावाचं आरोग्य दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या एका पुस्तकात जामखेडची नोंद घेतली आणि 1978 मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेचा प्रसिद्ध जाहीरनामा झाला तो अल्मा-आटा येथे. अल्मा-आटा म्हणजे आजचं कझाकस्तानातलं अल्माटी, जिथे आपली मुलं एमबीबीएसला जातात! अल्मा-आटा जाहीरनाम्याचं साल त्याला पाठ होतं. जामखेड माहीत नव्हतं. चूक त्याची नाही, आपणही शाळेत कुठे सांगतो?

आता अभ्यासाच्या पद्धतीबद्दल, कारण तिथे शिक्षक म्हणून मला थोडं बोलता येतं. तो रोज दहा तास व्हिडिओ बघायचा, दुप्पट वेगाने. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, रात्री आठ ते नऊ माझ्याकडे ये आणि दिवसभराचं मला मराठीत शिकव. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. 'कावीळ' हा शब्द माहीत, पण तीन प्रकारच्या काविळीत लघवीचा रंग कसा बदलतो हे बोलताना अडखळायचा. जिथे अडखळला तिथेच खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी फक्त तेवढंच वाचायचं. पालकांनो, हे तुम्हीही करू शकता. तुम्हाला वैद्यक कळायची गरज नाही. तुम्हाला समजेल असं तो सांगतोय का, एवढंच ऐका.

दुसरं, दर रविवारी घड्याळ लावून दोन्ही भाग सोडवायचे, मधे जेवणाची सुट्टी. फोन आईकडे. आणि चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे लिहायचं : माहीत नव्हतं, विसरलो, की प्रश्नच नीट वाचला नाही. एका सराव पेपरात 'याखेरीज सर्व' अशा धाटणीचे अकरा प्रश्न त्याने उलटे वाचले होते. अकरा गुण! दुसऱ्या सत्रात तो बरोब्बर अकरा गुणांनीच गेला होता, 139 वर. दोघंही गप्प बसलो थोडा वेळ.

एक गणित मी त्याला फळ्यावर करून दाखवलं. 100 प्रश्न खात्रीने आले आणि उरलेले 200 चार पर्यायांतून नुसते अंदाजाने टिकवले, तर सरासरीने 50 मिळतात. बेरीज 150. पण सरासरीचा काय भरवसा, नशीब वाकडं गेलं तर 140. तेच 140 खात्रीचे असतील तर अंदाजाचे 40 मिळून 180, मग नशीब थोडं रुसलं तरी चालतं. सगळे 300 यायला हवेत हे ओझं त्या दिवशी उतरलं. आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पदवीवर त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा शिक्का किंवा अपोस्टील लागतं. ते तिथून निघण्याआधीच करून घ्या. याच एका कागदापायी त्याचं पहिलं सत्र हुकलं, परीक्षा न देताच.

ज्यांचं मूल आत्ता बारावीत आहे आणि एजंटचे फोन येतायत, त्यांच्यासाठी. 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, मग भारतात आणखी 12 महिने, आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याइतकी ती पदवी असायला हवी. सगळं मिळून दहा वर्षांत. 'नीट' पात्रता आधी. कोणी 'आयोगाची मान्य यादी' दाखवली तर जपून, आयोग परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही. आणि एजंटला एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या कॉलेजातून आलेले किती जण पहिल्या खेपेला स्क्रीनिंग पास झाले, त्यातल्या दोघांशी बोलणं करून द्या. फी किती, मेस कशी, भारतीय जेवण मिळतं का, हे सगळे विचारतात. हा प्रश्न कोणी विचारत नाही. जे मूल जाणारच आहे त्याने पहिल्या वर्षापासून सुट्टीत घरी आल्यावर आठवडाभर आरोग्य केंद्रात बसावं. सहा वर्षांत सहा आठवडे होतात.

घरच्यांनी एक जपायचं. लग्नात, दहाव्यात, पारावर कोणीतरी विचारतंच, "काय डॉक्टर, दवाखाना कधी टाकताय?" तो तर लग्नांना जायचाच बंद झाला होता. त्याच्या आईने मग स्वतःच उत्तर द्यायला सुरुवात केली : "अजून एक परीक्षा हाये, झाली की सांगू." एवढ्याने पुष्कळ फरक पडला, असं तोच म्हणाला.

तिसऱ्या वेळी त्याला 163 मिळाले. पेपर झाल्यावर त्याने सगळ्यात आधी सिस्टरना फोन केला, पीएसएम बरं गेलं हे सांगायला. आता महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज टाकलाय, मग इंटर्नशिप. ऑनलाइन शिकलेल्या काळाबद्दल ती किती वाढेल ते पत्र आल्यावर कळेल. पाटी सध्या त्यांच्या माळ्यावर आहे, गोणपाटात गुंडाळून. वडील अधूनमधून चढून धूळ झटकून येतात.