हुकूम आणि हुकमाचा ताबेदार



विमानतळावरच्या इमिग्रेशन खात्यात रुजू होणाऱ्या तरुणाने एक गोष्ट आधीच पक्की जाणावी, ती अशी की परदेशी प्रवाशाची स्थानबद्धता, म्हणजे त्याला प्रवेश द्यायचा की परत धाडायचे हे ठरेपर्यंत अडवून ठेवणे, ही कोणत्याही गुन्ह्याची शिक्षा नसते. अडवण्याचा हुकूम वरून येतो खरा. परंतु त्या अवधीत प्रवाशाला पाणी मिळाले का, दुभाषी मिळाला का, बाहेर ताटकळणाऱ्या नातलगांना निरोप गेला का, हे बहुधा हुकमात लिहिलेले नसते, आणि म्हणून त्याचा जाब वरिष्ठांवर ढकलताही येत नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर विमानतळावर पोलंडहून स्थायिक होण्यासाठी आलेला, इंग्रजी न जाणणारा एक प्रवासी सुमारे १० तास आतच अडकून पडला आणि बाहेर थांबलेल्या त्याच्या आईला तो सापडत नसल्याचे सांगण्यात आले. अखेर भांबावून त्याने वस्तूंची आदळआपट केली, तेव्हा आलेल्या ४ पोलिसांपैकी एकाने त्याच्यावर टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारे हत्यार, वारंवार चालवले आणि तो तेथेच मरण पावला. न्यायमूर्ती ब्रेडवूड यांच्या चौकशीने तो वापर असमर्थनीय ठरवला व पुढे दोघा पोलिसांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. मात्र त्या १० तासांसाठी कोणीही हुकूम दिला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरते काम केले होते, आणि सांगकाम्या वृत्तीचा खरा धोका तोच आहे.

हुकूमच अन्यायाचा असेल तर प्रश्न अवघड होतो. न्युरेंबर्ग खटल्यांतून निघालेली, १९५० मध्ये सूत्रबद्ध झालेली तत्त्वे आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांपुरती आहेत, तरी नैतिक निवड शक्य असताना वरिष्ठांची आज्ञा माणसाला जबाबदारीतून सोडवत नाही, हे त्यांतील सूत्र कोणत्याही चौकीवर लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन प्रांताचे पोलीसप्रमुख पॉल ग्रुनिंगर यांनी १९३८ मध्ये सीमा बंद झाल्यावर ज्यू निर्वासितांच्या आगमनाच्या तारखा मागच्या दाखवून त्यांना आत घेतले; त्यांची नोकरी गेली, दंड झाला, ते १९७२ मध्ये दारिद्र्यात वारले आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले ते १९९५ मध्ये.

इतकी किंमत रोज मोजावी लागत नाही. स्थानबद्ध परदेशी व्यक्तीला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे हे तिला विनाविलंब सांगण्याचे बंधन १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये आहे, तर भारतीय संविधानाचे कलम २१ केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देते. रुजू होण्यापूर्वी ही दोन्ही कलमे मुळातून वाचावीत.