पावसाचे वर्तुळ नकाशावर कसे उतरते?

गेल्या पावसाळ्यात घाटमाथ्यावरील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. कौलांवर पाऊस वाजत होता. गुरुजींच्या मोबाईलवरील रडारचित्रात मात्र त्या गावावर रंगाचा ठिपकाही नव्हता. "गुरुजी, मोबाईल खोटं बोलतो का?" असे सातवीतील एका मुलीने विचारले. ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलांना केव्हा सोडावे, हे गुरुजी त्याच चित्रावरून ठरवीत असत. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

रडार स्वतः नकाशा काढीत नाही. मुंबईस कुलाबा येथे असलेल्या रडारचेच उदाहरण घ्यावे. त्याची थाळी गोल फिरत सूक्ष्मलहरींचे झोत सोडते. थेंबांवर आपटून लहर किती वेळाने परतली यावरून अंतर कळते, थाळीचे तोंड कोणीकडे होते यावरून दिशा कळते, आणि परतलेल्या लहरीच्या जोरावरून पावसाचा अंदाज बांधता येतो. अक्षांश-रेखांश या मोजणीत नसतात.

हे मैदानावर करून दाखवावे. खुंटी ठोकून दोरीने एकेक मीटर अंतरावर पाच वर्तुळे आखावी व चुन्याने बारा त्रिज्या काढाव्या. खुंटीजवळची घरे चिंचोळी आणि कडेची ऐसपैस झालेली मुलांना आपोआप दिसतील. कडेच्या घरात एकाच कोपऱ्यात मूल उभे असले, तरी वहीत संपूर्ण घराची एकच नोंद होईल. एक अंश रुंदीचा झोत १०० किलोमीटरांवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद झालेला असतो.

संगणकाची आज्ञावली येथून उलट मार्गाने जाते. नकाशावरील एकेक चौकोन घेऊन तो रडारपासून कोणत्या दिशेस व किती दूर आहे हे ती काढते आणि त्या घरातील नोंदीचा रंग चौकोनात भरते. चौकटीच्या कागदावर मुलांकडून हे अवश्य करवून घ्यावे. रडार मध्यभागी ठेवून तेथून दिशा व अंतरे खरी राखणारा नकाशा घेतला, तर वर्तुळ वर्तुळच राहते. अक्षांश-रेखांशांचे सरसकट सारखे चौकोन आखले, तर ते आडवे किंचित फुगते. कारण मुंबईजवळ एका अंशाचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १११ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर भरते. (प्रक्षेपणांची नावे पाठ करून घेण्याची घाई प्राथमिक वर्गात नको, असे माझे मत आहे.)

परंतु त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर उंचीत आहे, आणि सपाट नकाशावर उंची दिसत नाही. अर्धा अंश वर रोखलेला झोत, पृथ्वीच्या गोलाईमुळे, १०० किलोमीटरांवर सुमारे दीड किलोमीटर, तर १५० किलोमीटरांवर अडीच किलोमीटरांहून अधिक उंचीवरून जातो. शिवाय वाटेतील डोंगर त्याचा खालचा भाग अडवितात. घाटातील पावसाळी ढग पुष्कळदा ठेंगणे असतात. त्यांचा पाऊस झोताच्या खालीच पडून जातो.

ती शाळा रडारपासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर दूर होती. मोबाईल खोटे बोलत नाही, तो तुझ्या कौलांच्या पुष्कळ वरचे आभाळ दाखवितो, असे मी त्या मुलीस सांगितले. गुरुजी छत्री घेऊन ओढ्याचे पाणी पाहून आले, आणि मगच मुले सुटली.