तुलना कशी शिकवावी? – जुनी पद्मिनी आणि नवी झेड-४



"कोणती गाडी भारी?" असं मुलांना विचारून बघा. सगळी बोटं नव्या गाडीकडे जातात. पण ती झाली पसंती. तुलनेत दोन्हींना एकच मोजपट्टी लावावी लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि छत उघडणारी बीएमडब्ल्यू झेड-४ घ्या. फळ्यावर मुद्दे लिहा.

१) इंजिन : पद्मिनीचं १०८९ सीसी. झेड-४ च्या एम-४० आय मॉडेलचं २९९८ सीसी.

२) जागा : पद्मिनीला चार दारं, मागे-पुढे माणसं. झेड-४ मध्ये फक्त दोघं.

३) छत : पद्मिनीचं पक्कं, टॅक्सीवर कॅरियर लावून सामानही जायचं. झेड-४ चं कापडी छत बटण दाबलं की साधारण १० सेकंदांत उघडतं. आता बुटांचं खोकं झाकण चिकटवून पिळा, मग झाकण काढून पिळा. छत नसलेल्या गाडीचा सांगाडा जास्त मजबूत का करावा लागतो, ते हाताला कळतं.

४) सुरक्षा : झेड-४ ला एअरबॅग आहेत, पद्मिनीला नव्हत्या.

शेवटी विचारा, "कोणासाठी?" बोचकी घेऊन दादरला उतरलेल्या कुटुंबाला झेड-४ काय कामाची?

मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. वर्गातल्या एखाद्याच्या आजोबांनी ती चालवली असेल. त्याला कमीपणा वाटू नये, आणि कौतुकाच्या भरात चौथा मुद्दाही पुसला जाऊ नये. दोन्ही सांभाळलं, तर मूल तुलना शिकलं म्हणायचं.