क्षयरोग व रिकामे ताट

क्षयरोग कशाने होतो, असे विचारले असता आमच्या खेड्यांतून नाना प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी करणी म्हणतो, कोणी आईबापांचा वारसा म्हणतो, तर कोणी रोग्याचे ताटवाटी वेगळे ठेवून स्वस्थ बसतो. याकरिता या विषयाचा थोडा विचार करू.

१. रोगाचे बीज. क्षय हा जंतूपासून होतो, हे जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकला असता हे जंतू हवेत पसरतात व दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. एका ताटात जेवल्याने अथवा हात धरल्याने हा रोग होत नाही. मग ज्याला त्याला भांड्यांचीच काय ती चिंता, आणि बंद खिडकीची कोणालाच नाही, हे कसे?

२. बीज व जमीन. जगातील सुमारे चौथा हिस्सा लोकांस या जंतूचा संसर्ग झालेला आहे. तथापि त्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणच पुढे कधीतरी आजारी पडतात. बीज पडले म्हणजे उगवतेच असे नाही. जमीनही तशी लागते. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू व तंबाखूचा धूर यांनी ती जमीन तयार होते. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांस क्षय झाला व साडेबारा लक्ष मेले. रोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या हिंदुस्थानातले होते. हा रोग श्रीमंतास होत नाही असे नाही, परंतु तो बिऱ्हाड करतो ते गरिबाच्या घरी.

३. औषध व अन्न. १९५६ साली मद्रास येथे वैद्यांनी एक परीक्षा आरंभली. काही रोग्यांस आरोग्यधामात ठेवले व काहींस त्यांच्या दाटीच्या, गरिबीच्या घरीच औषध दिले. दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखाच आला. घरी राहूनही क्षय बरा होतो, हे तेव्हा जगास कळले. पण एवढ्यावरून अन्न गौण आहे असे कोणी समजू नये. झारखंडातील चार जिल्ह्यांत रोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांची पाहणी झाली, तिचे फळ २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास दरमहा ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ मिळाली, त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. तसेच, ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी आढळले. तात्पर्य, औषध जंतूस मारते, व अन्न रोग्यास तारते आणि त्याच्या घरच्यांस राखते.

४. आमचे कर्तव्य. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट अथवा थुंकीत रक्त दिसल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी करावी. ती व औषध दोन्ही मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिने चालतो. महिना-दीड महिन्यात बरे वाटू लागते, घरात पीठ नसते, म्हणून मनुष्य गोळ्या टाकून मजुरीस जातो; मग रोग उलटतो, आणि कित्येकदा तीच औषधे पुढे लागू पडत नाहीत. सरकारकडून रोग्यास आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांची तरतूद आहे. त्याचे नाव नोंदले आहे की नाही, हे गावच्या उपदेशकाने अवश्य विचारावे.

बंधुभगिनींनो, रोग्यासाठी प्रार्थना करून दारावरूनच परतणे आम्हांस शोभत नाही. प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ व डाळ बाजूस काढली, तर एका कुटुंबाचे सहा महिने निभावणे मंडळीस जड नाही. ते धान्य घेऊन आत जावे, खिडकी उघडावी आणि आजची गोळी घेतली काय, असे प्रेमाने विचारावे.

विचार करावयाचे प्रश्न: आपल्या गावात खोकला लपवून ठेवणारे कोणी आहे काय? ते का लपवितात? आणि त्यांच्या चुलीवर आज काय शिजले?