अर्धशिशी आणि आपले ताट

नेकनूर आणि आजूबाजूच्या वस्त्यांत महिलांच्या आरोग्य बैठका घेताना एक तक्रार आम्हाला हमखास ऐकायला मिळते : अर्धे डोके ठणकते, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा वाटतो. त्यावर कोणी सांगितलेले असते, पित्त आहे, आंबट सोडा. कोणी म्हणते वांगे सोडा, कोणी म्हणते डाळ सोडा. आधीच साध्या असलेल्या ताटातून एकेक पदार्थ कमी होतो आणि डोकेदुखी तशीच राहते. म्हणून आहार आणि घरगुती उपाय यांचा अर्धशिशीवर खरोखर किती परिणाम होतो, ते या वेळी पाहू.

हा आजार पित्ताचा नाही

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, हा मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार आहे. तो बऱ्याचदा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. उपचार न केल्यास एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो सुमारे तिप्पट आढळतो आणि अनेकींना पाळीच्या आसपास जास्त होतो. मळमळ आणि उलटी हे या झटक्याचेच लक्षण आहे. उलटी झाल्यावर हलके वाटते म्हणून आपण त्याला पित्त समजतो. हा आजार दृष्ट लागल्याने होत नाही आणि उताऱ्याने जात नाही. कपाळावर डाग दिल्याने तर फक्त जखम होते.

काय खाल्ले, त्याआधी कधी खाल्ले ते पाहा

शहरातल्या पुस्तकांत चॉकलेट, चीज, वाईन टाळा असे लिहिलेले असते. आपल्या घरांत हे पदार्थ असतात तरी कुठे? आपल्याकडे झटका आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : उपाशी पोट, कमी पाणी, ऊन आणि अपुरी झोप. बाई पहाटे उठते, कोऱ्या चहावर खुरपणीला जाते आणि दुपारी उन्हात पहिला घास खाते. ऊसतोडीला गेलेल्या बहिणींचे हाल याहून जास्त. फडात पहाटेपासून काम, रात्री गाडी भरायला उठायचे, आणि लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचे. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचे डोके अशा दिवशी दुखणारच.

म्हणून पथ्य असे पाळा :

- उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चालेल.
- दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. कामावर जाताना पदरात फुटाणे किंवा शेंगदाणे-गूळ बांधून न्या.
- पाण्याची बाटली सोबत ठेवा. उन्हाळ्यात मीठ घातलेले ताक किंवा आंबील प्या. डोक्याला रुमाल बांधा.
- चहा दिवसातून दोन कपांपर्यंत ठेवा आणि उपाशीपोटी घेऊ नका. रोज पाच-सहा कप पिणाऱ्यांनी तो एकदम बंद करू नये, त्यानेही डोके दुखते. हळूहळू कमी करा.
- झोपेची आणि उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा.

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्या अनेक उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी त्या दिवशी सकाळी न्याहारी आणि बाराच्या आत पोटभर जेवण करावे, नंतर पाणी आणि लिंबू सरबत घेत राहावे. तरीही दर वेळी डोके उठत असेल तर पंचशील घ्यावे. शील पाळण्यासाठी आजार वाढवायला नको. विहारात अगरबत्तीच्या उग्र वासानेही काहींना त्रास होतो. खिडक्या उघड्या ठेवा, एखादी कमी लावा.

पदार्थ सोडण्याआधी तपासा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखलेल्या दिवशी फुली मारा. शेजारी लिहा : जेवण चुकले का, झोप झाली का, ऊन लागले का, पाळी होती का, आदल्या दिवशी काय खाल्ले. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. दोन-तीन महिने असे करा. एखाद्या पदार्थानंतर पुन्हा पुन्हा दुखले तरच तो सोडा. झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना गोड किंवा तिखट खावेसे वाटते, आणि मग दोष त्या पदार्थाला लागतो. डाळ, पालेभाजी, अंडी मात्र ऐकीव सांगण्यावरून कधीच सोडू नका. अंगात रक्त कमी असले तरी डोके दुखते, म्हणून सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

घरगुती उपाय

*सुंठ :* २०१४ साली इराणमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सुंठीच्या पुडीने दोन तासांत मायग्रेनच्या एका नेहमीच्या औषधाइतकाच आराम मिळाला. अभ्यास लहान होता, पण सुंठ मळमळीवरही उपयोगी पडते. झटका सुरू होताच पाव चमचा सुंठ कोमट पाण्यात घ्यावी.

*थंड पट्टी :* कपाळावर ओले फडके ठेवून अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे. लेपापेक्षा हे सोपे.

*बाजरी, तीळ, शेंगदाणे, डाळी :* यांत मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी काहींचे झटके कमी होतात. हे पदार्थ औषधाची जागा घेणार नाहीत, पण ताटात असावेत.

*दूध-जिलेबी :* जिलेबीत औषध नाही. पहाटे पोटात काहीतरी पडते, एवढाच त्यातला फायदा. तो भाकरीनेही होतो. मधुमेह असेल तर जिलेबी नकोच.

गोळ्यांबाबत सावध

झटका सुरू होतानाच पॅरासिटामॉल घेतली तर बहुतेकदा काम भागते. पण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, आणि असे तीन महिने चालले, तर गोळीमुळेच रोज डोके दुखू लागते. दुकानातून सुट्या गोळ्या आणून रोज खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. महिन्यात चार किंवा जास्त दिवस दुखत असेल तर झटके रोखणाऱ्या रोजच्या गोळ्या असतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्या चमकत्या रेषा दिसत असतील तर माला-एन, माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. त्याने लकव्याचा धोका वाढतो. दुसरी साधने आहेत, नर्सताईला विचारा. आणि डोकेदुखीसाठी पिशवी काढा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पिशवी काढणे हा अर्धशिशीचा उपचार नाही. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला, तो विसरून चालणार नाही.

ताबडतोब दवाखाना

अचानक आयुष्यातले सर्वात तीव्र दुखणे, हातापायातली ताकद जाणे, बोबडी वळणे, ताप आणि ताठ मान, झटके येणे, डोक्याला मार लागणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदा असे दुखणे, किंवा गरोदरपणात डोकेदुखीसोबत सूज : यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

शेवटी घरातल्या पुरुषांना आणि मुलांना सांगणे आहे. बाई सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते, ही सवय तिच्या डोकेदुखीत भर घालते. तिला सगळ्यांसोबत जेवायला बसवा, सकाळी घराबाहेर पडण्याआधी तिने खाल्ले का ते पाहा. आणि दुखते त्या दिवशी चूल तुम्ही पेटवा.