भुंग्यांसाठी फुलता बांध

वांग्याच्या फुलातले पिवळे परागकोश सगळ्या बाजूंनी बंद असतात. पराग बाहेर पडायला वाट असते ती फक्त शेंड्याच्या बारीक छिद्राची. काळा भुंगा या परागकोशांना घट्ट धरतो, छातीचे स्नायू जोरात थरथरवतो आणि गुणगुण होताच पराग त्याच्या पोटावर सांडतात. मधमाशीला हे साधत नाही. हिमालयात हे काम बंबलबी करते. महाराष्ट्रात ती नाही. इथे भिस्त भुंग्यांवर आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्यांवर. तुरीची, तागाची मिटलेली फुले दाबून उघडण्याची ताकदही भुंग्यात आणि पानकापी माशीत असते.

हे कीटक मधमाश्यांसारखे पेटीतून आणून ठेवता येत नाहीत. पीक फुलोऱ्यात नसतानाही फूल मिळाले आणि घरट्याला जागा राहिली, तरच ते शिवारात टिकतात. म्हणून खरिपाची पेरणी करतानाच बांधाचा विचार व्हावा. बांधालगत दोनेक फुटांच्या पट्ट्यात ताग, तीळ आणि कारळा पेरावा. हिरवळीचा ताग फुलोऱ्यात येताच गाडतात. कडेच्या एक-दोन ओळी तेवढ्या उभ्या ठेवाव्यात. कारळा सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो, पुढे तूर लागते. रब्बीत कोथिंबीर, मोहरी, बडीशेप. गिरिपुष्पाची सगळी झाडे एकदम छाटू नयेत, कारण हिवाळ्याअखेरचा फुलोरा जुन्या फांद्यांवरच येतो. तरवड आपोआप उगवलेला असेल तर राखावा. गाजरगवत मात्र फुलण्याआधी उपटावे.

सर्वांत मोठे नुकसान उन्हाळ्यात बांध पेटवल्याने होते. भुंग्याची मादी वाळक्या बांबूत, मेलेल्या खोडात गोल भोक पाडून अंडी घालते. आगीत ती पिढीच जाते. असे एखादे खोड बांधावर पडू द्यावे. जमिनीत बिळे करणाऱ्या माश्यांसाठी थोडी जागा उघडी, न खणलेली ठेवावी. घराच्या वाशांना भुंगे पोखरत असतील तर लाकडाला तेलरंग द्यावा, भुंगे मारू नयेत.

फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके टाळावीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर बंद केला. फवारणी अटळच असेल तर दिवस मावळल्यावर करावी, तुषार बांधावर जाऊ देऊ नयेत. तुरीच्या किंवा गुलाबाच्या पानांच्या कडा सुबक अर्धगोल कापलेल्या दिसल्या तर ती पानकापी माशी असते. ती पाने खात नाही, त्या तुकड्यांनी घरटे बांधते; तिच्यासाठी औषध मारू नये.